आयर्लंडमधील खेडे नेमके कुठे शोधावे?

प्रश्न

नमस्कार. आयर्लंडच्या पश्चिमेकडील मेयो काउंटीतील ग्रामजीवनाविषयी मी सध्या वाचन करीत आहे. १९०१ आणि १९११ या दोन जनगणनांची कुटुंबवार पत्रके तेथील राष्ट्रीय अभिलेखागाराने सर्वांसाठी खुली केली असल्यामुळे ती मी पाहिली. परंतु गावाच्या नावाने शोध घेतला की चर्च आणि चार दुकानांभोवतीची मोजकीच घरे हाती लागतात. बाकीची माणसे ‘टाऊनलँड’ म्हटल्या जाणाऱ्या लहान लहान भूभागांच्या नावांखाली विखुरलेली दिसतात. घरे एकमेकांपासून इतकी दूर असतील, तर त्या लोकांचे गावपण कशावर उभे होते, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

आपली अडचण ‘गाव’ या शब्दातूनच उद्भवलेली आहे. आयर्लंडच्या ग्रामीण भागातला माणूस आपली ओळख सांगतो ती टाऊनलँड आणि पॅरिश (एका चर्चच्या कक्षेतील परिसर) यांच्या नावाने. चौरस्त्यावरची वस्ती ही या सर्वांची प्रार्थनेची, शाळेची आणि खरेदीची जागा. टाऊनलँड हा जमिनीचा सर्वांत लहान नोंदलेला विभाग असून संपूर्ण बेटावर असे साठ हजारांहून अधिक विभाग आहेत. त्यांची बहुतेक नावे मूळ आयरिश भाषेतील आहेत: ‘बॅली’ने सुरू होणाऱ्या अनेक नावांमागे वस्ती या अर्थाचा ‘बाले’ हा शब्द आहे, तर ‘किल’मागे पुष्कळदा चर्च या अर्थाचा शब्द असतो. १८२४ मध्ये सुरू झालेल्या सर्वेक्षणात ही नावे इंग्रजी वळणाने नकाशावर आली. त्या वेळी सर्वेक्षणात काम करणारे भाषाभ्यासक जॉन ओ’डोनोव्हन यांनी स्थानिकांना विचारून मूळ रूपे टिपून ठेवली नसती, तर कित्येक नावांचा अर्थ आज लागला नसता.

प्रतिसाद २

वरील उत्तराला एक महत्त्वाची पुस्ती जोडावीशी वाटते. घरे आरंभापासून अशी विखुरलेली नव्हती. पश्चिमेकडे १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळापूर्वी ‘क्लॅखन’ नावाच्या दाट वस्त्या होत्या. त्यांत चर्च नसे, दुकान नसे. नात्यागोत्यातली घरे एकमेकांना खेटून असत आणि भोवतालची जमीन पट्ट्यापट्ट्यांनी सामाईक कसली जाई, जेणेकरून चांगली आणि निकृष्ट जमीन सर्वांच्या वाट्याला सारखी यावी. १८४५ मध्ये बटाट्यावर करपा पडला आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली, तर त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६६ लाखांच्या आत आली. हे आकडे मी अनेकदा वाचले आहेत, तरीही दर वेळी थांबावे लागते. पुढे जमीनदारांनी, आणि १८९१ नंतर सरकारी मंडळानेही, जमिनीची फेरमांडणी करून प्रत्येक कुटुंबाला सलग तुकडा दिला आणि घर त्या तुकड्यावर गेले. आपल्याला पत्रकांत दिसणारे अंतर बऱ्याच ठिकाणी या फेरमांडणीतून आलेले आहे.

प्रतिसाद ३

अंतर वाढले तरी एकमेकांवाचून शेती होत नव्हती, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर मला तेथेच दिसते. गवत कापणे, मळणी, इंधनासाठी दलदलीतून पीट (वाळवून जाळायची कुजलेल्या वनस्पतींची माती) काढणे ही कामे शेजारी मिळून करीत. या सहकार्याला आयरिश भाषेत ‘मेहेल’ म्हणतात. त्यात मजुरी नसे, परंतु आपल्याकडे आलेल्याच्या शेतावर आपणही जायचे, हे कोणी विसरत नसे. १८८९ मध्ये लिमरिक काउंटीत पहिली सहकारी क्रीमरी (दुधापासून लोणी काढण्याचे केंद्र) निघाली आणि तशा क्रीमऱ्या इतरत्र पसरल्यावर, दुधाच्या गाड्या घेऊन सकाळी रांगेत थांबलेल्या शेतकऱ्यांना बातम्यांच्या देवाणघेवाणीची रोजची जागा मिळाली. १८८४ मध्ये थर्लस या गावी स्थापन झालेल्या, पारंपरिक आयरिश खेळांच्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशन या संघटनेचे क्लब बहुतांशी पॅरिशनिहाय उभे राहिले, त्यामुळे हर्लिंग (काठी-चेंडूचा आयरिश खेळ) किंवा गेलिक फुटबॉलच्या मैदानावर पॅरिशची सीमा प्रत्येकाला ठाऊक झाली.

आपण जनगणनेची पत्रके पाहिलीच आहेत, तर घराच्या नोंदीचा स्वतंत्र तक्ताही अवश्य पाहावा. त्यात छप्पर कशाचे, खोल्या किती, दर्शनी बाजूला खिडक्या किती, हे लिहिलेले असते. त्यानंतर १९३७ ते १९३९ या काळात लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांतील मुलांकडून लिहून घेतलेल्या वह्यांकडे वळावे. मुलांनी आजी-आजोबांना आणि शेजाऱ्यांना विचारून पवित्र विहिरी, दुष्काळाच्या आठवणी, जुनी कारागिरी यांविषयी लिहिले, आणि अनेक ठिकाणी सांगणाऱ्याचे नाव, वय आणि टाऊनलँडही नोंदवले. त्यामुळे वहीत वृद्ध म्हणून भेटणारी व्यक्ती १९०१ च्या पत्रकात, त्याच टाऊनलँडमध्ये, ऐन उमेदीच्या वयात सापडण्याची शक्यता असते. या वह्या आता संगणकावर उपलब्ध आहेत. शोध मात्र आपल्या पॅरिशमधील शाळेपासून सुरू करावा.