फटफटीचे सुख आणि तिचा आवाज: आपापले अनुभव

मोटरसायकलला मराठीने ‘फटफटी’ हे नाव तिच्या आवाजावरून दिले, ते काही उगाच नाही. 1885 मध्ये डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यात एका सिलिंडरचे इंजिन बसवले, तेही स्वाराच्या बैठकीच्या खालीच. तेव्हापासून या वाहनाचे सुख आणि त्याचा गोंगाट एकाच जागेतून येत आहेत. स्वतःची गाडी असण्याचा आनंद आणि तिच्या आवाजाचा जाच ज्यांनी अनुभवला आहे, त्यांनी मोकळेपणाने लिहावे. गाडी नसलेल्या, पण आवाज ऐकावा लागणाऱ्या शेजाऱ्यांचेही स्वागत आहे. सुरुवात मीच करतो.

माझी गाडी 350 सीसीची, एका सिलिंडरची आहे. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, दोन फेऱ्यांमागे एकदा इंधन पेटते, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्या होत असताना सेकंदाला 25 ठोके पडतात आणि जागेवर मंद चालताना जेमतेम आठ, इतके सुटे की मांडीला मोजता येतील असे वाटते. भल्या पहाटे रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये चढ चढताना हे ठोके अंगात उतरतात, आणि घरी येऊन गाडी बंद केल्यावर तापलेले धातू निवत असताना जी बारीक टिक्‌टिक् होते, ती ऐकत मी उगाचच तिच्याजवळ रेंगाळतो. हे सुख आणखी वाढावे म्हणून मी मूळचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसवला. दोन वर्षे तो आवाज मला भारदस्त वाटत राहिला. पुढे जिन्यावरून घसरून माझा पाय प्लास्टरमध्ये गेला आणि भाऊ गाडी वापरू लागला. एका रात्री खिडकीची काच थरथरली, उशाशी ठेवलेल्या ताटलीतला चमचा वाजला, आणि “कोण आहे रे हा नालायक?” असे मी ओरडेपर्यंत गाडी आमच्याच दारात येऊन थांबली. सायलेन्सरचे तोंड मागे असते आणि स्वार पुढे निघून गेलेला असतो, त्यामुळे आवाजाचे पूर्ण माप त्याच्या पदरात कधी पडतच नाही. मूळचा सायलेन्सर माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. माझे प्लास्टर निघण्याआधी तो गाडीला लागला.

* * *

मी परिचारिका आहे. पहाटेच्या पाळीसाठी साडेचारला निघावे लागते, आणि त्या वेळी स्वतःच्या गाडीवर, कोणाची वाट न पाहता निघता येणे ही चैन नसून माझे स्वातंत्र्य आहे. गाडी मी कोपऱ्यापर्यंत ढकलत नेते आणि तिथे सुरू करते. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने उतरतो, एवढा हिशोब मला पुरतो. महिनाभराने शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं, तुझी गाडी वाजली की मी उठून पाणी भरायची. हल्ली उशीर होतो मला.” तरीही मी ढकलतेच, त्यांच्या वरच्या मजल्यावर तान्हे मूल आहे.

* * *

मी वरच्या मजल्यावरची तीच, तान्ह्या मुलाची आई असावे असे वाटते, निदान तिच्यासारखी तरी. माझी तक्रार चालत्या गाडीबद्दल नाही. गाडी ‘गरम करायची’ म्हणून दहा मिनिटे फाटकाशी उभे राहून रेस देत राहणाऱ्यांबद्दल आहे. आजच्या इंजिनाला याची गरज नसते. सुरू करून पहिले काही अंतर सावकाश चालवले की ते आपोआप तापते.

* * *

सगळेच आवाज वाईट नसतात, हे मला किंमत मोजून कळले. माझ्या गाडीच्या टॅपेटची, म्हणजे इंजिनाच्या झडपा (व्हॉल्व्ह) ढकलून उघडणाऱ्या भागांची, कटकट मला सहन होत नव्हती, म्हणून ते आवळून घेतले. गाडी इतकी शांत झाली की मी भेटेल त्याला ऐकवत सुटलो. काही आठवड्यांनी ती गरम झाली की दम टाकू लागली आणि एकदा बंद पडली की सुरू होईना. टॅपेटमध्ये मिलिमीटरच्या काही शतांशांची फट राखावी लागते. ती नाहीशी झाली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, त्याची उष्णता तो ज्या कडेवर टेकतो तिच्यात उतरत नाही आणि तो जळू लागतो. दुसऱ्या मेकॅनिकने फट मोजायची पातळ पट्टी माझ्याच हातात दिली आणि म्हणाला, “साहेब, थोडं वाजू द्या. मुकं झालं की समजा दुखणं आत गेलं.”

* * *

लांबच्या प्रवासानंतर माझ्या कानात शिट्टी वाजत राहायची आणि मी इंजिनाला दोष द्यायचो. प्रत्यक्षात महामार्गाच्या वेगाने जाताना हेल्मेटभोवती घोंगावणाऱ्या वाऱ्याचा आवाज 90 डेसिबलच्या पुढे जातो आणि इंजिन त्याखाली दबून जाते. आता मी फोमचे बोळे घालतो. हॉर्न ऐकू येतो, वारा मात्र दूर राहतो.

* * *

गेल्या वर्षी मी विजेवरची गाडी घेतली आणि जुनी पुतण्याला दिली. नवी गाडी उत्तम आहे. वाहनतळात पायी चालणाऱ्यांना ती आल्याचे कळत नाही एवढेच. रविवारी पुतण्या येतो तेव्हा दोन वळणे आधीच मला समजते. परवा त्याने हेल्मेट काढायच्या आत मी खिडकीतून ओरडलो, “टायमिंग चेन वाजतेय रे, बघून घे.”