अ‍ॅटिकसच्या आरत्या पुरे आता

निंबोणी:
परवा इथे कुणीतरी लिहिलं, “‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ वाचा आणि अ‍ॅटिकस फिंचसारखे बाप व्हा.” खाली बदामांचा पाऊस. अहो, अ‍ॅटिकस त्यातला वकील; खटला टॉम रॉबिन्सनचा आहे, गोऱ्या मुलीवर बलात्काराचा खोटा आळ आलेल्या काळ्या माणसाचा! कापसाच्या जिनमध्ये सापडून डावा हात निकामी झालेला, बायकापोरं असलेला माणूस. आपल्याला तो दिसतो फक्त साक्षीच्या पिंजऱ्यात. नंतर थेट बातमी, तुरुंगातून पळताना १७ गोळ्या. आणि गॅलरीतले काळे लोक उठून उभे राहतात ते कुणासाठी? वकीलसाहेबांसाठी!

अर्धवटराव:
गोष्ट सांगते स्काउट. गोऱ्या वकिलाची चिमुरडी. तिला टॉमच्या घरातलं काय दिसणार? १९६० साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामाच्याच गोऱ्या बाईने, हार्पर लीने, एवढं लिहिलं हे कमी आहे? तुम्ही पुस्तक वाचलंय की ग्रेगरी पेकचा सिनेमा पाहिलाय?

निंबोणी:
दोन्ही, धन्यवाद. नजर चिमुरडीची आहे ना? मग आदर्श बापाचं प्रमाणपत्रही चिमुरडीचंच समजा.

सदाफुली:
टॉमवर आळ घेणाऱ्या मायेला इवेलचं नावही नाही अजून. उकिरड्यामागे घर, दारुड्या बाप, पदरात धाकटी भावंडं, आणि अंगणात जपलेली लाल जिरेनियमं. टॉम कोर्टात म्हणतो, मला तिची दया आली. तिथेच त्याचं भरलं. इवेलांकडे गोरी कातडी सोडली तर काय होतं? काळ्याने कीव केली म्हणजे तेही गेलं. माझ्या मते कादंबरी इथे आहे, अ‍ॅटिकसच्या भाषणात नाही.

डेट्रॉईटकर:
खरा दोष त्या ज्युरीचा, म्हणजे निकाल देणाऱ्या साध्या नागरिकांच्या मंडळाचा; पद्धतीचा नव्हे. मी इथे ज्युरी ड्यूटी केलीय. किरकोळ चोरीची केस, निम्म्यांचं लक्ष घड्याळाकडे. पण एक बाई अडून बसल्या आणि पोरगा सुटला. एकटा न्यायाधीश असता तर गेला होता आत.

काळा कोट:
म्हणून १९५९ मध्ये मुंबईत ज्युरीने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीला ८ विरुद्ध १ ने निर्दोष ठरवलं वाटतं? हायकोर्टाने तो निकाल फिरवला. आपल्याकडची ज्युरी गेली तेच बरं झालं.

डेट्रॉईटकर:
एका खटल्यावरून अख्खी पद्धत मोडीत? आणि न्यायाधीश काय आकाशातून पडतात?

निंबोणी:
नानावटीचा वेगळा धागा काढा!

काळा कोट:
का म्हणून? कादंबरीतल्या मेकॉम्ब गावच्या ज्युरीत एक काळा नाही, एक बाई नाही. अलाबामात बायकांना ज्युरीत बसायची बंदी १९६६ पर्यंत होती. विषय सोडून मी बोलत नाहीये.

अर्धवटराव:
त्याच ज्युरीत कनिंगहॅमांचा एक सोयरा निर्दोषासाठी अडला होता, हेही लिहा की. गरीब, अडाणी शेतकरी. शिकलेले गावकरी तर ज्युरी टाळून घरी बसलेले.

निंबोणी:
बरं बाई, ज्युरी विषयाला धरून आहे. जिंकलात. आता त्या ज्युरीने ज्याला दोषी ठरवलं, त्याच्याबद्दल कुणी एक ओळ लिहील का?

डेट्रॉईटकर:
लिहितो ना. आधी काळ्या कोटाने सांगावं, नानावटीला शेवटी माफी दिली कुणी, ज्युरीने की राज्यपालांनी?