शुगर असलेल्यानं नशेचं मशरूम खाल्लं तर?

लातूरकर: मावसभाऊ, वय 34, टाइप 2. ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या चालू. मित्रांसोबत नशेचं मशरूम खायचं म्हणतोय. शुगर वाढेल का हो?

औषधवाला_परभणी: वाढण्यापेक्षा उतरण्याची भीती जास्त. सायलोसायबिनचा (या मशरूममधलं नशेचं द्रव्य) अंमल 4 ते 6 तास राहतो, सुरुवातीलाच मळमळ, उलटी. जेवण पोटात टिकत नाही, ग्लिमेपिराइड मात्र काम करतच राहतं. घाम, थरथर, धडधड, बरळणं ही शुगर उतरल्याची लक्षणं नशेतही दिसतात. सोबतचे म्हणतात, ‘चढलीय, झोपू द्या.’ जीव तिथंच जातो. त्याला खाऊच देऊ नका. सायलोसायबिन एनडीपीएस कायदा 1985 (अमली पदार्थविरोधी कायदा) च्या यादीतही आहे.

बीडची_ताई: डापाग्लिफ्लोझिनचं दुखणं वेगळंच. उलट्या आणि उपास एकत्र आले की कीटोॲसिडोसिस (रक्तात कीटोन नावाची आम्लं साचणं) होऊ शकतो, अन् मीटर 180 च दाखवतो! रक्तातले कीटोन तपासायला सांगा. पायांच्या आगीसाठी ड्युलोक्सेटिन असेल तर तीही गोळी डॉक्टरांना सांगा, ती गोळी आणि मशरूम, दोन्हींचा परिणाम सेरोटोनिनवर (मेंदूतलं एक रसायन) होतो.

औषधवाला_परभणी: खाल्लंच असेल तर दर तासाला बोट टोचा. शुगर 70 च्या खाली आली आणि नीट गिळता येत असेल तर 3 चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. ग्लिमेपिराइडवर ती काही तासांनी परत घसरते, म्हणून दवाखाना गाठाच. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, 108 लावा. बांधावरची छत्री (रानटी मशरूम) खाऊन 6 तासांनंतर उलट्या सुरू झाल्या तर यकृताला धोका, उरलेला तुकडा सोबत न्या.