‘इंटिजर ओव्हरफ्लो’ला ‘पूर्णांक अतिप्रवाह’ म्हणावं का?

प्रश्न: डेटाबेसच्या सुरक्षा-सूचना मराठीत लिहितोय. ‘इंटिजर ओव्हरफ्लो’साठी ‘पूर्णांक अतिप्रवाह’ हा शब्द सापडला, पण तो वाचून नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. ‘बफर ओव्हरफ्लो’लाही ‘अतिप्रवाह’च वापरायचा का?

प्रतिसाद: दोन्हींना एकच शब्द अजिबात लावू नका. बफर, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची मेमरीतली ठरावीक जागा, खरोखर उतू जातो: त्यात न मावलेले बाइट शेजारच्या मेमरीत सांडतात. आकडा सांडत नाही. ३२-बिट इंटिजरमध्ये ३१ घरं किमतीची आणि एक चिन्हाचं. २,१४,७४,८३,६४७ मध्ये एक मिळवला, की हातचा थेट चिन्हाच्या घरात शिरतो आणि बहुतेक यंत्रांवर उत्तर येतं उणे २,१४,७४,८३,६४८. म्हणून मी ‘आकडा उलटणे’ म्हणते.

हा फरक किती मोलाचा आहे ते एसक्यूलाइट या डेटाबेसमधल्या सीव्हीई-२०२२-३५७३७ मध्ये दिसतं (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक). ऑक्टोबर २००० च्या १.०.१२ आवृत्तीत आलेली ही चूक जुलै २०२२ मध्ये, ३.३९.२ मध्ये सुधारली. मजकूर एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला आज्ञा देण्याच्या भाषेत, घालताना त्यातलं प्रत्येक एकेरी अवतरणचिन्ह दोनदा लिहावं लागतं, म्हणून किती जागा लागेल ते कोड आधी मोजतो. ही मोजणी ३२ बिटांत होती. अब्जावधी बाइटांचा मजकूर दिला, की बेरीज उणे. पुढची ओळ विचारते: लागणारी जागा स्टॅकवरच्या (चालू फंक्शनच्या कामापुरत्या मेमरीतल्या) ७० बाइटांच्या बफरपेक्षा जास्त आहे का? उणे आकडा ७० पेक्षा लहानच, तेव्हा नवी मेमरी मागितलीच जात नाही आणि तो अजस्र मजकूर त्या एवढ्याशा बफरात लिहायला सुरुवात होते.

म्हणजे आधी आकडा उलटला, मग बफर उतू गेला. दोन्ही ठिकाणी ‘अतिप्रवाह’ लिहिलंत तर कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे वाचणाऱ्याला समजणार नाही. आणि दुरुस्ती तर कारणावरच झाली: मोजणीचे व्हेरिएबल ६४-बिट केले.

प्रतिसाद: ‘उलटणे’ चिन्ह असलेल्या इंटिजरला चपखल बसतं. अनसाइन्ड, म्हणजे उणे आकडे नसलेल्या, इंटिजरमध्ये चिन्हाचं घरच नसतं. तिथे हातचा गळून पडतो आणि कमाल आकड्यात एक मिळवला की शून्य येतं. दोन्हींना चालेल असं ‘आकडा मर्यादेबाहेर जाणे’ बरं वाटतं.

प्रश्नकर्ता: पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सीव्हीई-२०२३-५८६९ ची सूचना हातात आहे. तिथे अ‍ॅरे (किमतींची यादी) बदलताना आकडा मर्यादेबाहेर जातो का, ही तपासणी राहून गेली होती आणि लॉगिन असलेल्या वापरकर्त्याला मेमरीत हवं ते लिहिता येत होतं. ‘अ‍ॅरेच्या हिशेबात आकडा मर्यादेबाहेर जातो’ असं लिहू?

प्रतिसाद: हो. शीर्षकात मात्र ‘इंटिजर ओव्हरफ्लो’ देवनागरीत राहू द्या. पॅच लावणारा माणूस तोच शब्द शोधतो. नोव्हेंबर २०२३ मधली १६.१ ही दुरुस्त आवृत्तीही तिथेच द्या.