चार्जर काढला की गुणगुण थांबते? मग साउंडकार्ड निर्दोष आहे

वर तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप बॅटरीवर असला की स्पीकर शांत, चार्जर लावला की घूंऽऽ, आणि म्हणून नवं साउंडकार्ड घ्यायचं म्हणताय. थांबा, पैसे वाचवा. हा ग्राउंड लूप दिसतोय, म्हणजे दोन उपकरणं वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाली की ऑडिओ केबलमधून नको तो बारीक करंट फिरतो आणि तोच स्पीकरमध्ये घूं करतो. लॅपटॉप एका भिंतीवरच्या प्लगला आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या, असं आहे का? असेल तर आधी दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. फुकटात होतं.

आमच्याकडे जळगावात तेवढ्याने आवाज निम्मा झाला, गेला नाही. मे महिना होता. अ‍ॅम्पच्या पत्र्याला उलटा हात लावला तर बारीक झिणझिण. वायरमनला बोलावलं, त्याने टेस्टर लावायच्या आधी अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहिला. माती सुकून भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटलेली, म्हणजे अर्थिंग नीट लागतच नव्हतं. दोन बादल्या पाणी ओतलं, झिणझिण गेली. नंतर मीठ-कोळसा नव्याने भरून घेतला. आपल्या उन्हाळ्यात हा खड्डा कोणी बघतच नाही, कूलरमध्ये मात्र आठवणीने पाणी भरतो!

तरीही थोडी घरघर उरलीच, तर ऑडिओ केबलमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला ग्राउंड लूप आयसोलेटर टाका; ही छोटी डबी गाणं पुढे जाऊ देते, पण दोन उपकरणांमधला तारेचा थेट जोड तोडते. स्वस्तातल्याने बेस जरा पातळ होतो. पण कोणी सांगितलं म्हणून चार्जरची किंवा अ‍ॅम्पची तिसरी, म्हणजे अर्थिंगची पिन कापू नका. आवाज जाईल, सोबत तुम्हीही जाल.

माउस हलवल्यावर किरकिर येत असेल तर तो वेगळा आजार, तेव्हा बाहेरचं साउंडकार्ड बघू.