विषय: सिल्व्हिया घरी आणायची म्हणतोय (सून नव्हे, गाडी)

आण्णा, रेंटन:

मंडळी, नमस्कार. आमच्या चिरंजीवांनी इथे अमेरिकेत आणायला जपानच्या लिलावात निसान सिल्व्हिया एस15 हेरली आहे. स्पेक-आर, दोन लिटर टर्बो, सहा गिअर. अशी बाहेरची गाडी इथे पंचवीस वर्षांची झाल्यावरच आणता येते म्हणे. एजंट म्हणतो, "2001 चं मॉडेल, पंचवीस वर्षं भरलीच, आजच पैसे पाठवा." कागदावर पहिली नोंदणी ऑक्टोबर 2001 ची आहे. माझी अक्कल फियाटपाशी संपते. कुणी अशी गाडी आणली आहे का?

बापू, टकोमा:

आण्णा, एक डॉलरही पाठवू नका. 'मॉडेल 2001' हे शब्द इथल्या बंदरावर कवडीच्या कामाचे नाहीत. पंचवीस वर्षं मोजतात ती गाडी बनली त्या महिन्यापासून. जपानी कागदावर असतो तो पहिल्या नोंदणीचा महिना. कारखान्यातून कधी निघाली ते त्यावर नसतं. म्हणजे ऑक्टोबर 2026 पासून प्रश्नच नाही. ऑगस्टात बनलेली असेल तर ऑगस्टातही येईल, पण मग चासी नंबरावरून निसानच्या पार्ट्स कॅटलॉगमधला उत्पादनाचा महिना काढून तो पुरावा कस्टम्स ब्रोकरच्या हातात हवा.

हे शहाणपण मी भाडं भरून घेतलंय. आपल्या गणपतीचं मखर माझ्या ज्या स्टेजियातून (निसानचीच स्टेशन वॅगन) येतं, ती '97 चं मॉडेल' म्हणून एका एजंटाने गळ्यात मारली. नोंदणी निघाली नोव्हेंबरची. चार महिने योकोहामाच्या यार्डात उभी होती आणि मी इकडे भाडं मोजत होतो. बायकोने तेव्हा जे सुनावलं ते इथे लिहीत नाही.

दुसरं म्हणजे इंजिन. ईपीएला (धुराचे नियम बघणारं पर्यावरण खातं) 21 वर्षं पुरतात, पण गाडी मूळ रूपात हवी. एस15 ही ड्रिफ्टवाल्यांची (वळणावर गाडी मुद्दाम घसरवणाऱ्यांची) लाडकी, बॉनेटखाली भलतंच इंजिन निघू शकतं. तिचं मूळ इंजिन, एसआर20, दिसेल असा फोटो मागवा. लिलावाचा कागद चिरंजीवांकडून नीट वाचून घ्या: ग्रेडच्या जागी 'आर' असेल तर ठोकून दुरुस्त केलेली, आणि गाडीच्या आकृतीवर 'डब्ल्यू' म्हणजे पत्र्याचं काम झालेलं, 'एस' म्हणजे गंज. उत्तर जपानातल्या होक्काइदोची असेल तर खालून फोटो पाहिल्याशिवाय बोली नको. तिकडच्या बर्फातलं मीठ पत्रा खातं.

कागदपत्रं दोनच महत्त्वाची, वाहन सुरक्षेचा फॉर्म एचएस-7 आणि ईपीएचा फॉर्म 3520-1. ती ब्रोकर भरतो. कारवर मूळ जकात 2.5 टक्के, त्यावर सध्या आणखी काय बसतं ते त्याच्याकडून लेखी घ्या. (केई ट्रकचा, म्हणजे जपानी चिमुकल्या ट्रकचा, मोह झाला तर तो 'ट्रक' धरतात, 25 टक्के!)

गंमत बघा, भारतात तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आणू देत नाहीत आणि इथे पंचविशीच्या आतली नको.

शुभाताई, फ्रीमाँट (पूर्वी बेल्व्ह्यू):

बापूंनी सगळं सांगितलं, पण एक राहिलं. पंचवीस वर्षांची सूट केंद्राची आहे, कॅलिफोर्नियाची नाही. तुमच्या वॉशिंग्टन राज्याने 2020 पासून धुराची तपासणीच बंद केली, म्हणून तुम्ही निवांत. इथे कॅलिफोर्नियात 1975 नंतरचं मॉडेल थेट आयात केलेलं असेल तर मान्यताप्राप्त लॅबमध्ये बदल करून, चाचणी पास होऊन मगच नंबर मिळतो. त्या खर्चात दुसरी गाडी येईल. चिरंजीव इकडे यायच्या विचारात नाहीत ना?

आण्णा, रेंटन:

शुभाताई, तुमच्या तोंडात साखर पडो की मीठ, कळत नाहीये. कालच चिरंजीवांना तुमच्याच कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेची नोकरीची ऑफर आली.

घरात रात्री बैठक झाली. गाडी ऑक्टोबरनंतरच निघेल, बापूंच्या ब्रोकरकडून येईल आणि माझ्या नावावर रेंटनलाच राहील, असं चिरंजीवांनी परस्पर ठरवलं आहे. "बाबा, उजव्या बाजूला बसून डाव्या हाताने गिअर टाकायची सवय इथे तुम्हालाच आहे," म्हणतो. बापू, रविवारी तुमच्या स्टेजियात एक चक्कर माराल का? क्लच दाबून तीस वर्षं झाली.